कुलपाशी बोलणारी काशम्मा

सोलापुरात विजापूर रोडवरून आत वळलं की बावीस घरांची एक कॉलनी लागते. घरं बावीस, पण त्यातली निम्मी वर्षातले आठ महिने कुलूपबंद. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि नातवंडं सांभाळायला आजी-आजोबाही तिकडंच. मागं उरतात नारळाची झाडं, पाण्याच्या टाक्या आणि कुलपं. अशा ठिकाणी चोर येणार नाहीत तर काय पाहुणे येणार? ही बंद घरं नांदती दिसावीत, एवढं एकच काम गेली चौदा वर्षं काशम्मा करत आली होती, आणि ती ते इतकं चोख करायची की त्यातच सगळा घात झाला.

काशम्मा वळसंगची. साठी ओलांडलेली, इरकली लुगडं, कपाळावर विभूतीची तीन बोटं. नवरा सिद्रामप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. कॉलनीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, आणि त्या खोलीला असं कुलूप की केसातल्या आकड्यानंही उघडावं. कमरेला मात्र लोकांच्या किल्ल्यांचा जुडगा. चालताना वाजू नये म्हणून तिनं त्याला चिंधी गुंडाळली होती. कुणाच्या किल्ल्या आपल्याकडं आहेत हे रस्त्याला कळू नये, एवढी अक्कल तिला कुणी शिकवावी लागली नव्हती.

या कामाला सुरुवात झाली ती अकरा नंबरच्या गुरुबसप्पा मास्तरांच्या घरापासून. मास्तरांची बायको सिद्धेश्वरी मंगळवेढ्याला लग्नाला निघाली आणि जाता जाता काशम्माला म्हणाली, "चार दिवस दारात सडा-रांगोळी तेवढी करत जा ग. दार बोडकं दिसलं की चोराला सांगावा गेल्यासारखंच हाय." काशम्मानं चार दिवस रांगोळी काढली. त्याच चार दिवसांत शेजारचं दहा नंबर फुटलं आणि मास्तरांच्या दाराला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. झालं! तेव्हापासून कॉलनीतलं कुणीही गावाला निघालं की आधी काशम्माकडं किल्ली द्यायचं आणि मग रिक्षा बोलवायचं.

तिनंही त्या कामात जीव ओतला. सगळ्या दारांत एकाच हाताची रांगोळी दिसली तर टेहळणी करणारा ओळखेल, म्हणून ती ज्या घरची रांगोळी त्याच घरच्या हातानं काढायची. चार नंबरच्या वहिनी ठिपक्यांचं कमळ काढतात, तर तिथं कमळच. सोळा नंबरची सून आळशी, नुसत्या दोन रेघा ओढते, तर काशम्माही तिथं दोनच रेघा ओढायची, आणि त्याही वाकड्या. पुरुषाच्या चपला दाराबाहेर ठेवायच्या, पण रोज जागा बदलून. दोरीवर बनियन-धोतर वाळत घालायचं आणि ऊन उतरायच्या आत काढायचं. वर्तमानपत्र आणि दुधाची पिशवी दारात राहू द्यायची नाही. आतली किल्ली असेल त्या घरात मूठभर तांदूळ टाकून कुकरच्या तीन शिट्ट्या करायच्या, आणि तो भात तिथंच ओट्याशी उभं राहून खायचा.

आणि सगळ्यात वर म्हणजे बोलणं. बंद घराशी ती मोठ्यानं बोलायची. चार नंबरात, "वहिनी, चहा ठिवू का?" सोळा नंबरात, "आवो, टावेल हितं ठिवलाय, घ्या की!" रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जायला हवं, एवढ्या मोठ्यानं. विचारून झालं की श्वासभर थांबायचं आणि लगेच आपणच म्हणायचं, "असं व्हय? बरं बरं." प्रश्न तिचा आणि उत्तरही तिचंच. पहिल्या पहिल्यांदा तिचं तिलाच हसू यायचं. पुढं सवय झाली. खरं सांगायचं तर सिद्रामप्पा गेल्यावर तिला दुसऱ्या कुणाशी बोलायला होतंच कोण? दिवसाकाठी जेवढं म्हणून घरगुती बोलणं तिच्या तोंडून व्हायचं, तेवढं या कुलपांशीच.

मास्तरांच्या दाराशी ती कानडीत बोलायची, कारण त्या घरात कानडीच चालायची. "मास्तर, ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. सिद्धेश्वरी वारल्यावर मास्तर एकटेच राहायचे. काशम्मा सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दारावरून जायची ती हेच विचारत, आणि मास्तर आतून हुंकार द्यायचे. वर्गात पस्तीस वर्षं खणखणीत आवाजात शिकवलेला माणूस; पण दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज असा बसला की समोरच्यानं कान पुढं करावा लागायचा. "पाढे म्हणून म्हणून आवाज संपला बघ, काशम्मा," असं ते पुटपुटायचे आणि स्वतःच हसायचे.

गेल्या दिवाळीत सहा नंबरात घरफोडी झाली आणि सगळ्या कॉलनीची पाचावर धारण बसली. सहा नंबरची किल्ली काशम्माकडं नव्हती, म्हणून तिच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. पण मास्तरांचा मुलगा मृत्युंजय पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आला आणि घराचा किल्लाच करून गेला. सगळ्या खिडक्यांना बाहेर आलेले लोखंडी पिंजरे, काचांना काळा कागद, पुढच्या व्हरांड्याला चॅनेल गेट, आणि आतल्या दाराला ओढलं की आपोआप लागणारं नवं लॅच. जाताना तो काशम्माला म्हणाला, "मावशी, गेटची एक किल्ली ठेवा तुमच्याकडं. आतली मात्र मी आणि अप्पा, आमच्या दोघांकडंच राहील. तुमच्यावर अविश्वास नाही हां, पण हल्ली दिवसच असे आहेत."

"बरं की," काशम्मा म्हणाली. "तुमचं घर, तुमची किल्ली."

तोंडानं असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही. चौदा वर्षं त्या घराची किल्ली तिच्या कमरेला होती. सिद्धेश्वरीला शेवटची आंघोळ घातली ती तिनंच. आणि आता व्हरांड्यापुरती बाई! तिनं मनाशी ठरवलं की गेटची किल्ली तरी जाऊ द्यायची नाही. तिच्या हातून तसूभर चूक झालेली कुणाला दिसता कामा नये. हे ठरवणंच तिला पुढं नडलं.

गुढीपाडवा झाला आणि मृत्युंजय मास्तरांना महिन्याभरासाठी पुण्याला घेऊन गेला. काशम्माचं काम सुरू झालं. सकाळी गेट उघडून रांगोळी, दुधाची पिशवी, चपला. संध्याकाळी व्हरांड्याचा दिवा. आणि दोन्ही वेळा हाक. "मास्तर, ऊट आतेन्री? असं व्हय? बरं बरं."

एप्रिल सरत आला होता. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या मंगळवारी संध्याकाळी काशम्मा गेटपाशी आली आणि कुलपाला हात घालताना थबकली. कुलपाचं तोंड आतल्या बाजूला होतं. चॅनेल गेटचं कुलूप बाहेरून लावलं की त्याचं भोक बाहेर राहतं. आतल्या माणसानं लावलं तरच ते आत जातं. काशम्मानं उभ्या आयुष्यात कधी कुलूप उलटं लावलं नव्हतं. सकाळी घाईत लावलं की काय? चार नंबरात दूध उतू जाईल म्हणून पळाली होती खरी. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघत नव्हतं. तिनं कुलूप फिरवून उघडलं, दिवा लावला, हाक मारली, उत्तर दिलं, आणि जाताना कुलूप नीट तोंड बाहेर करून लावलं. वर दोनदा ओढून बघितलं.

बुधवारी सकाळी ती रांगोळी काढत होती तेव्हा घरातून टक टक असा आवाज आला. खिडकीच्या पिंजऱ्यांत पारव्यांनी घरटी केली होती. चोराला आत येता येऊ नये म्हणून केलेले ते पिंजरे पारव्यांना अगदी आंदण दिल्यासारखे झाले होते. दिवसभर त्यांची चोच पत्र्यावर, नखं लोखंडावर. काशम्मानं टाळ्या वाजवल्या. "हुश्श! हुश्श!" आवाज थांबला. तिला बरं वाटलं. मग ती ओरडली, "मास्तर, ऊट आतेन्री?" आणि लगेच, "असं व्हय? बरं बरं."

गुरुवारी सकाळी पुन्हा टक टक आलं, पण खूप अंतरानं आणि हलकं. तेव्हा तर तिच्या मनात आलं, बरंच झालं की, बाहेरच्याला वाटंल घरात माणूस हाय.

गुरुवारी संध्याकाळी मृत्युंजयचा फोन आला. आवाजात घाई होती. "मावशी, अप्पा तिकडं आलेत का हो?"

"हितं? न्हाय की. तुमच्याकडंच हायेत न्हवं?"

"मंगळवारी सकाळी अकलूजला जातो म्हणून निघाले. धनलक्ष्मीकडं. मी म्हटलं जाऊ दे लेकीकडं दोन दिवस, इथं कंटाळलेत. फोन उचलेनात तर मला वाटलं रुसलेत. आज धनलक्ष्मी म्हणते, ते आलेच नाहीत! तुम्ही घर बघितलं ना नीट?"

त्या क्षणी काशम्माच्या डोळ्यांपुढं ते कुलूप आलं. तोंड आत असलेलं. जीभ उचललीही होती तिनं. पण सांगायचं काय? कुलूप उलटं लागलं होतं, म्हणजे मी सकाळी धड लावलं नव्हतं, म्हणजे दिवसभर घर राम भरोसे होतं? मग गेटची किल्लीही गेली. आणि मास्तर येणार असते तर कळवल्याशिवाय कसे येतील? घर बंद आहे, दिवा आपण लावतो, हाक आपण मारतो. आत कोणी नाही हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?

"रोज दोनदा जाते की मी," ती म्हणाली. "जसंच्या तसं कुलूप हाय. कोण न्हाय तितं."

मृत्युंजयनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवणारच; तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. गुरुवारची सगळी रात्र आणि शुक्रवारची सकाळ त्यानं अकलूज, इंदापूर, टेंभुर्णी अशा स्टँडांवर माणसं पाठवण्यात घालवली. पोलिसांनी अलीकडचा फोटो मागितला. चांगला फोटो सोलापूरच्या घरात होता, म्हणून शुक्रवारी दुपारी तो गाडी घेऊन आला. काशम्मानं गेट उघडून दिलं. त्यानं आतल्या दाराचं लॅच उघडलं आणि दोन पावलं आत गेल्यावर तो "अप्पा!" असा काही ओरडला की काशम्माच्या हातातला जुडगा खाली पडला.

मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेले होते. मंगळवारी दुपारी घरी पोचून पाणी प्यायला गेले, पाय घसरला, आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथून उंबऱ्यापर्यंत कसेबसे सरकत आले होते. उजव्या हाताशी स्टीलचा पेला होता. त्याचा काठ एका बाजूनं चेपून गेला होता, आणि त्या जागी फरशीवर पांढरे ओरखडे होते. फोन बाहेरच्या खोलीत पिशवीतच राहिला होता. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन बारा तासही झाले नसतील. गुरुवारची रात्र त्यांनी काढली असावी.

गर्दी जमली. समोरच्या बारा नंबरात रेश्मा म्हणून एक भाडेकरू मुलगी होती. दोनच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या बदलीनं आलेली, आणि पाडव्याला माहेरी गेली होती ती सोमवारी रात्रीच परतलेली. ती हमसून हमसून रडत पोलिसाला सांगत होती, "मी बघितलं होतं हो त्यांना. मंगळवारी दोन वाजता रिक्षातून उतरले, हातात पिशवी होती. गेटाला आतून कुलूप लावताना माझ्याकडं बघून हसले पण. मला वाटलं, म्हातारे एकटेच आलेत, संध्याकाळी आमटी नेऊन द्यावी. वाटी भरून ठेवली होती मी. तेवढ्यात या मावशी त्यांच्याशी बोलताना ऐकू आल्या. मला कानडी कळत नाही, पण मास्तर, मास्तर म्हणत होत्या, आणि हां, बरं बरं, असं पण. रोज सकाळ-संध्याकाळ बोलत होत्या. मला वाटलं, बघणारं माणूस आहे, मी कशाला मध्ये जाऊ?"

पोलिसानं काशम्माकडं पाहिलं. "तुम्ही बोलत होता त्यांच्याशी?"

"व्हय," काशम्मा म्हणाली.

"मग?"

घर नांदतं दिसावं म्हणून बोलत होते, हे तिनं सांगितलं. हवालदार बिचारा भला माणूस. त्यानं डोकं हलवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कुणी तिला वाईट बोललं नाही. मृत्युंजयनंसुद्धा नाही. तो भिंतीला टेकून बसला होता आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "लॅच मीच बसवलं. खिडक्या मीच बंद केल्या." काशम्माला वाटत होतं, यानं उठून आपल्या थोबाडीत मारावी. कुलपाचं तोंड आत होतं, हे फक्त तिला माहीत होतं. ते तिनं पोलिसाला सांगितलं नाही, मृत्युंजयला नाही, कुणालाच नाही. सांगायचं धाडस नव्हतं, आणि आता सांगून मास्तर उठणारही नव्हते.

रुद्रभूमीत माती देऊन माणसं परतली तेव्हा दारातली तिची सकाळची रांगोळी पायांखाली पुसली गेली होती. सिद्धेश्वरीच्या वळणाची रांगोळी होती ती, चार कोपऱ्यांत चार बेलपानं. तिनं ती ओल्या फडक्यानं पुसून काढली. त्यानंतर त्या दारात तिनं रांगोळी काढलेली नाही.

आठवड्यानं मृत्युंजय पुण्याला परत निघाला. घर विकायचं म्हणत होता, पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत कुणीतरी बघायला हवंच. त्यानं काशम्माच्या हातात एक किल्ली ठेवली. आतल्या दाराची.

"असू दे तुमच्याकडं, मावशी," तो म्हणाला. "आत जाऊन बघत जा अधनंमधनं."

काशम्मानं किल्ली घेतली. दिवाळीपासून जी परत मिळावी म्हणून जीव तुटत होता, तीच. ती तिनं जुडग्यात ओवली नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. ओझं मणाचं व्हावं, तशी ती गाठ तिला चालताना जाणवते.

बाकीच्या घरांचं काम तिनं हळूहळू सोडलं. चार नंबरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्यामुळं तर आमचं घर सुखरूप आहे," आणि ते ऐकून ती रडायलाच लागली. बंद दाराशी उभं राहून तिच्या तोंडून आता शब्द फुटत नाही. एकदा सवयीनं "वहिनी, चहा" एवढं निघून गेलं, आणि मग ती कितीतरी वेळ कान देऊन तशीच उभी राहिली. चार नंबरात कोणी नव्हतं. सगळे हैदराबादला होते. तरी तिनं दार उघडून सगळ्या खोल्या, न्हाणीघरसुद्धा, बघून घेतल्या.

अकरा नंबरात मात्र ती रोज जाते. गेट उघडते, आतलं दार उघडते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन येते, कुलूप लावते आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसते. पिंजऱ्यातले पारवे टक टक करतात. काशम्मा त्यांना हुसकत नाही. तिला पुरतं ठाऊक असतं की ते पारवेच आहेत. तरी ती उठते, पदराची गाठ सोडते आणि पुन्हा आत जाऊन बघून येते. परवा रेश्मानं सकाळभरात मोजलं, तर नऊ वेळा. शेवटी तिला राहवलं नाही, ती समोरून आली आणि काशम्माचा हात धरून म्हणाली, "मावशी, नका ना असं करू. आत कोण नाहीये."

"मी बी असंच म्हणले हुते, पोरी," काशम्मा म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन तिनं दार उघडलं.